तोफ, नदी, धबधबा, गाव : टोपणनाव तेच, मालक वेगळा

सीनाकाठचा

नमस्कार सोलापूरकर मंडळी,

हा धागा आमच्या आत्यामुळं निघालाय, त्यामुळं शिव्या घालायच्या तर तिला घाला, मला नको.

मागच्या रविवारी घरी बारसं होतं. नाव काय ठेवायचं यावरनं दोन्हीकडच्या मंडळींचं जे सुरू झालं ते पाळणा हलवायची वेळ आली तरी संपेना, कुणी म्हणतंय अद्वैत, कुणी म्हणतंय पणजोबांचं सिद्धाराम ठेवा, शेवटी आत्यानं स्वयंपाकघरातनं एकच आवाज दिला, "नाव ठेवायचा मान आत्याचा असतोय, बाकीच्यांनी पानावर बसा!" सगळे चिडीचूप. मामा माझ्या कानात म्हणाले, "मुलूखमैदान धडाडली बघ." तर नववीतला पुतण्या विचारायलाय, काका मुलूखमैदान म्हणजे कुठलं ग्राउंड?

मग काय, मी हातातला घास तसाच ठेवून सुरू झालो. आम्ही सातवीत असताना शाळेची सहल विजापूरला गेलती, एसटीनं, शंभर किलोमीटर पण नाही भरत पण पोरं तीनदा ओकली. भर दुपारी बुरुजावर चढवलं. दगडावर पाय ठेववत नव्हता आणि मास्तर म्हणाले तोफेला हात लावा. गार! खरं सांगतो, माठाला हात लावल्यासारखी गार. मग त्यांनी बोटातल्या अंगठीनं टक् केलं तर देवळातली घंटा दुरून वाजावी तसा नाद निघाला आणि बराच वेळ घुमत राहिला. तोफेचं तोंड म्हणजे जबडा वासलेला सिंह आणि त्याच्या दातात चिरडलेला हत्ती. साधारण ५५ टन वजन. १५४९ साली अहमदनगरात ओतली, मुहम्मद बिन हुसेन रूमी नावाच्या तुर्की उस्तादानं. मूळ नाव मलिक-ए-मैदान, म्हणजे रणांगणाचा राजा. आपल्या लोकांनी त्याचं मुलूखमैदान केलं, राजाची बाई केली, आणि पुढं तर जो कोण भाषण ठोकतो त्याला ते नाव लावून टाकलं. तोफ कित्येक शतकं बुरुजावर बसून आहे, नाव मात्र गावोगाव फिरतंय.

आता मुद्दा. घरी येऊन जरा आठवायला बसलो तर लक्षात आलं की ही नावं एकट्याची नसतातच. विजापुरात लांडा कसाब तोफ, जंजिऱ्यावर लांडा कासम तोफ. विजापूरच्या दंतकथेत कडक बिजली तोफ, झाशीच्या किल्ल्यात पण कडक बिजली. विजापुरात उपळी बुरूज, आपल्या नळदुर्गात पण उपळी बुरूज. गावांचं तर विचारूच नका, ज्या गावात दहा माग लागले ते मँचेस्टर (विलायतेतलं कापडगिरण्यांचं शहर). माझं म्हणणं असं की पहिली जात खरी, लोकांच्या तोंडातनं आलेली, आणि दुसरी म्हणजे "अमुकचं तमुक" ही निव्वळ आळशीपणाची, भाषणातनं आलेली. पटतंय का? तुमच्याकडची नावं टाका. तोफ, नदी, धबधबा, गाव, काहीही चालेल. फक्त कुठनं तरी यादी उचलून चिकटवू नका राव.

शेंगाचटणी

पहिला नंबर माझा. बाळाचं नाव शेवटी काय ठेवलं ते सांगा आधी.

गडकोट_गणू

भाऊ धागा झकास पण जरा भर घालतो. लांडा म्हणजे आखूड, बुटका. विजापूरचा हा "बुटका" कसाब २१ फूट ७ इंच लांब आहे, मुलूखमैदान त्याच्यापुढं फक्त १४ फुटांच्या आसपास! मग बुटका कसा? तर त्याच गावात उपळी बुरुजावर लंबछडी पडलीय, ती ३० फूट ८ इंच. घरात थोरला सहा फुटी असला की साडेपाच फुटाच्याला जन्मभर बुटक्या म्हणतात, तसलाच प्रकार असणार असं आपलं माझं मत.

दुसरं, सरकारी नाव आणि लोकांचं नाव यातली मजा बघायची तर दौलताबादला जा. तिथल्या मोठ्या तोफेचं दरबारी नाव किल्ला शिकन, म्हणजे किल्ला फोडणारी. औरंगजेबाचं नाव पण तिच्यावर कोरलंय. आणि लोक काय म्हणतात? मेंढा तोफ. का तर मागच्या टोकाला मेंढ्याचं तोंड आहे. संपला विषय. बादशहानं एवढं फारसी नाव दिलं, आणि मेंढपाळानं एका नजरेत त्याचा मेंढा केला.

मुलूखमैदानवर तर औरंगजेबानं कमालच केलीय. १६८६ ला विजापूर पडलं त्याची नोंद तोफेच्याच अंगावर कोरून घेतली, आणि "मलिक-ए-मैदान काबीज केली" अशा अर्थाचे शब्द असे जुळवले की अक्षरांच्या किमतीची बेरीज केली की हिजरी साल निघतं. म्हणजे त्याच्या लेखी अख्ख्या आदिलशाहीचा पाडाव एका तोफेच्या नावात बसला.

आणि याच तोफेचा इंग्रजांनी १८५४ साली भंगारात लिलाव काढलता. सगळ्यात वरची बोली किती? दीडशे रुपये. नशीब एका साहेबाला अक्कल सुचली आणि विक्री रद्द केली.

शेंगाचटणी

दीडशे?? ५५ टन बिडाची... सॉरी पंचधातूची तोफ दीडशे रुपयात? बोली लावणारा माणूस नक्की आपल्या गल्लीतला असणार. वाहतूक खर्च पण आमच्याकडनं म्हणाला असेल.

पंढरीची_लेक

सीनाकाठचा भाऊ, तुमची दुसरी जात मला नाही पटली. इंग्रजी गावाचं नाव लावलं की आळशीपणा, आणि आपण काय केलंय? पंढरपूर दक्षिण काशी. कोल्हापूर दक्षिण काशी. पैठण दक्षिण काशी. वाई दक्षिण काशी. नाशिकवाले तर भांडायलाच येतील. गोदावरी दक्षिण गंगा, तिकडं खाली गेलं की कावेरी पण दक्षिण गंगा. हे भाषणातनं आलंय का? माझी आजी अक्षर ओळख नसलेली बाई, ती म्हणायची काशीला जायचे पैसे नाहीत म्हणून काय झालं, काशी चालत इथं आलीय. गरिबाला लांबचं तीर्थ जवळ आणायचं असलं की असं नाव लागतं. याला आळस म्हणू नका.

आणि आमच्या नदीचं तर बघा. उगमापासनं शेवटपर्यंत भीमा. फक्त पंढरपुरात वळण घेते ती चंद्रकोरीसारखी, म्हणून तेवढ्यापुरती चंद्रभागा. गाव संपलं की परत भीमा. माहेरी आलेल्या लेकीला घरातल्या नावानं हाक मारतात ना, तसं वाटतं मला ते. वाळवंटात उभं राहून कुणी "भीमेत आंघोळ केली" म्हणत नाही, चंद्रभागेतच करतात.

सीनाकाठचा

ताई, काशीचं मान्य. अर्धा मुद्दा मागं घेतो. पण मँचेस्टर अजून सोडत नाही हां.

गडकोट_गणू

नदीचा विषय निघालाच आहे तर ती कडक बिजलीची गोष्ट पूर्ण सांगतो, भाऊनं अर्धवटच सोडली.

मुलूखमैदान ओतली नगरला, पण बरीच वर्षं होती परांड्याच्या किल्ल्यात. परांडा म्हणजे बार्शीच्या पलीकडं, आपल्या दारातच. तिथनं १६३२ साली ती विजापूरला नेली, बैलांच्या जोड्यावर जोड्या, हत्ती आणि शेकडो माणसं लावून. सांगतात की तिला एक जोडीदारीण होती, तीच कडक बिजली, आणि ती नेताना नदीत बुडाली. कुठल्या नदीत? सांगणारे दोन प्रकारे सांगतात. कुणी म्हणतं कृष्णा, कुणी म्हणतं भीमा. मी भीमेच्या पार्टीत, कारण परांड्याहून विजापूरला जाताना वाटेत भीमाच ओलांडावी लागते, कृष्णा राहिली विजापूरच्याही खाली.

आता लाहोरला चला. जमजमा तोफ. १७५७ साली अहमदशाह अब्दालीच्या वजिरानं करवून घेतली, लाहोरकरांच्या घराघरातनं तांब्यापितळेची भांडी गोळा करून ओतली. म्हणजे कुणाचं घंगाळ गेलं, कुणाची परात. हीच तोफ १७६१ ला पानिपतावर आपल्या लोकांवर चाललेली. पुढं शिखांच्या भंगी मिसल नावाच्या फौजेकडं गेली तर लोकांनी तिला भंगियांवाली तोफ म्हणायला सुरुवात केली, जमजमा राहिलं कागदावर. तर मुद्दा असा की जमजमाचीही एक जुळी बहीण होती. काबूलला नेताना ती पण नदीत गेली. चिनाबमध्ये.

म्हणजे इकडं पण जोडी, तिकडं पण जोडी. एक बुरुजावर, एक पाण्यात.

पंढरीची_लेक

गणूभाऊ थांबा थांबा. चिनाबचं जुनं नाव काय माहितीय का? हिमाचलातल्या लाहौलात चंद्रा आणि भागा अशा दोन नद्या एकत्र येतात, त्यांची होते ती चंद्रभागा, तीच खाली चिनाब!!

म्हणजे तुमची भीमेची पार्टी खरी धरली तर दोन्ही बहिणी चंद्रभागेतच बुडाल्या की हो.

शेंगाचटणी

आयला. अंगावर काटा आला राव.

वाचनमात्र_होतो

तीन वर्षं नुसता वाचत होतो, वरच्या दोन पोस्टींमुळं आज पहिल्यांदा लॉगिन केलं. पासवर्ड आठवायला वीस मिनिटं गेली.

गडकोट_गणू

ताई हात जोडले. पंढरपूर जरा वरच्या अंगाला राहतं म्हणून तोफ नेमकी कुठल्या घाटावर बुडवायची एवढंच आता आपल्याला ठरवायचंय. पण नाव तेच, हे कबूल.

कानडी_अप्पा

चर्चा चांगली चाललीय. धबधब्यावर कुणी बोलेना म्हणून मी येतो. आम्ही घरात कन्नड, दारात मराठी, पेठेत तेलुगू असले अस्सल सोलापुरी, त्यामुळं दोन्हीकडचं सांगू शकतो.

जोगला गेलाय का कुणी? शरावती नदी २५३ मीटर खाली पडते आणि चार धारा होतात. राजा, राणी, रोरर, रॉकेट. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलतं, दोन आपले आणि दोन साहेबाचे, आंतरजातीय लग्नासारखं. पण समोर उभं राहिल्यावर कळतं नाव ठेवणारा डोळे उघडे ठेवून बसलेला माणूस होता. राजा एका सरळ रेषेत पडतो, घाई नाही गडबड नाही. रोरर दगडात आपटत आरडाओरडा करत येतो आणि मध्यावर राजाला जाऊन भिडतो. रॉकेट पिचकारी मारल्यासारखी बाहेर उडते. आणि राणी कड्याला धरून पदर सावरत उतरल्यासारखी. नाव वाचून धबधबा ओळखू येतो, बोर्ड लागत नाही. वर लिंगनमक्कीचं धरण झाल्यापासनं, म्हणजे १९६४ पासनं, चौघांना पाणी हिशोबानं मिळतंय. चांगला पावसाळा धरूनच जा, नाहीतर राजा-राणी दोघंही रेशनच्या लायनीत.

आता खरी गोष्ट. कावेरीवर होगेनक्कल आहे. कन्नडमध्ये होगे म्हणजे धूर, कल्लु म्हणजे दगड. धुराचा दगड. नर्मदेवर भेडाघाटला धुआँधार. आणि तिकडं आफ्रिकेत ज्याला व्हिक्टोरिया म्हणतात त्याला तिथले लोक मोसी-ओआ-टुन्या म्हणतात, गरजणारा धूर. लिव्हिंगस्टननं १८५५ ला बघितला आणि राणीचं नाव चिकटवलं, पण त्याच्या कितीतरी आधी लोकांनी धूर बघितलेला होता. तीन मुलूख, तीन भाषा, कुणी कुणाला विचारलं नाही, कुणी कुणाचं कॉपी केलं नाही, आणि तिघांना पाण्यात धूरच दिसला. याला म्हणायचं सामायिक नाव.

आणि भारताचा नायगारा किती आहेत मोजा. बस्तरचा चित्रकोट, केरळचा अतिरप्पिल्ली, तोच होगेनक्कल, आणि आमच्या बाजूचा गोकाक. गोकाकची तर मला कीवच येते. घटप्रभा ५२ मीटरवरनं पडते, नायगारा पण उंचीला जवळपास तेवढाच, आकार पण घोड्याच्या नालेसारखाच, पावसाळ्यात लाल-तपकिरी पाणी असं कोसळतं की झुलत्या पुलावर पाय लटपटतात, तरी आयुष्यभर दुसऱ्याच्या नावानं जगायचं. गुणी धाकट्या भावाला "अमक्याचा भाऊ" म्हणतात तसं.

सीनाकाठचा

अप्पा, जिंकलंत. माझं म्हणणं माझ्यापेक्षा तुम्हीच नीट मांडलं.

वाचनमात्र_होतो

नद्यांच्या दुःखाची नावं राहिली. आमच्या शाळेच्या पुस्तकात होतं, ह्वांग हो म्हणजे चीनचे अश्रू. दामोदर बंगालचे अश्रू, कोसी बिहारचे अश्रू. परीक्षेत जोड्या लावायला हमखास यायचं आणि मी दरवर्षी दामोदर-कोसीची अदलाबदल करायचो. पुढं नोकरीनिमित्त दोन वर्षं सहरसा भागात होतो. २००८ ला कोसीचा बांध नेपाळात कुसहाजवळ फुटून नदीनं पात्रच बदललं होतं, त्यातनं सावरलेली गावं बघितली. तिथं एकाही माणसाच्या तोंडून मी "अश्रू" ऐकलं नाही. कोसी मैया म्हणतात. घर घेऊन गेली तरी मैया. अश्रू वगैरे लांब बसून रिपोर्ट वाचणारे म्हणतात.

शेंगाचटणी

आमच्याकडं नदीला नाव ठेवायला आधी नदीत पाणी पाहिजे. धरण उशाशी आणि कोरड घशाशी.

बाय द वे उजनीच्या जलाशयाचं कागदावरचं नाव यशवंतसागर. मी आजपर्यंत एकाही मच्छीवाल्याला "यशवंतसागरची चिलापी" म्हणताना ऐकलं नाही.

गडकोट_गणू

+१. एकरूख तलाव म्हणलं तर रिक्षावाला तोंडाकडं बघतो, हिप्परगा म्हणलं की मीटर टाकतो. (मीटर टाकतो हे म्हणण्यापुरतं.) संभाजी तलावाला आमचे वडील अजून कंबर तलावच म्हणतात.

बंद_भोंगा

मँचेस्टरवर बरंच हसून झालं तुमचं. जरा माझं पण ऐका, लांब होईल.

माझे वडील इथल्या एका गिरणीत साचेखात्यात होते, गिरणीचं नाव नको. तुम्हाला पुस्तकातलं माहिती आहे, १८७७ ला जुनी गिरणी निघाली, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशी रांगच लागली, सोलापूरला गिरणगाव म्हणायला लागले वगैरे. आम्ही चाळीत राहणाऱ्यांनी गिरणगाव हा शब्द पण कधी वापरला नाही. आमच्याकडं नाव होतं फक्त भोंग्याला. पहाटेचा पहिला भोंगा सुरुवातीला घरघरायचा, घसा खाकरल्यासारखा, आणि मग मोठ्यानं ओरडायचा. म्हणून त्याला सगळी चाळ "म्हातारा" म्हणायची. म्हातारा खोकला, उठा. म्हातारा खोकला की आई चूल पेटवणार, शेजारची वहिनी पाणी भरायला नळावर, आणि आमचे वडील डोळे न उघडता बंडी शोधणार. दुसऱ्या गिरणीचा भोंगा जरा बारीक आवाजाचा होता, त्याला "सून". म्हातारा आधी, सून मागनं. घड्याळ कुणाच्याच घरात नव्हतं, आणि लागलं पण नाही.

मग गिरणी बंद पडली. आज उघडेल उद्या उघडेल म्हणत किती वर्षं गेली, हिशोबाचे पैसे कसे मिळाले आणि किती मिळाले नाहीत ते सोडा. वडील उतारवयात एका अपार्टमेंटवर वॉचमन होते. तिथं नवीन राहायला आलेला कुणी पुण्याबिण्याचा माणूस बोलायला थांबला की ते काय सांगायचे माहितीय? "मी मँचेस्टरात काम केलेला माणूस आहे साहेब." गिरणीत असताना हा शब्द त्यांच्या तोंडून एकदाही ऐकला नव्हता. तेव्हा गरजच नव्हती, म्हातारा होता की. तो गेला तेव्हा कुठनं तरी ऐकलेलं, भाषणातनंच असेल, हे मोठं नाव त्यांनी अंगावर ओढून घेतलं. तर भाऊ, आळशी असेल ते नाव, पण वॉचमनच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला तेवढंच हाताशी होतं.

बाकी इचलकरंजीवाले महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणवतात, म्हणू दे. चादर आपली.

सीनाकाठचा

काका, काय बोलू. आळशी हा शब्द मी मागं घेतो. पूर्ण.

शेंगाचटणी

सून!! 😄 काका पुढच्या वेळी पार्क चौकात भेटा, डिस्को भजी माझ्याकडनं.

राईनकाठी_सोलापूरकर

जर्मनीतनं हजेरी. (आज इथं पण हुरडा आठवण्याइतकी थंडी आहे.) काकांची पोस्ट वाचून दहा मिनिटं काही सुचलं नाही, त्यामुळं आधी तोफांचं लिहितो.

आत्याला मुलूखमैदान म्हणणाऱ्या मामांना सांगा, इथं उलटं चालतं, तोफेलाच बायकांची नावं देतात. एडिंबराच्या किल्ल्यात मॉन्स मेग आहे, १४४९ ची. बेल्जियममध्ये घेंटला डुले ग्रीट, म्हणजे वेडी ग्रीट. आणि जर्मनीत एक होती फाउले ग्रेटे, आळशी ग्रेटे. आता मेग, ग्रीट, ग्रेटे ही तिन्ही एकाच नावाची लाडकी रूपं, मार्गारेटची! आपल्याकडं कसं लक्ष्मीची लक्षी, लखू, लक्ष्मक्का होते तसं. तीन देशात तीन अजस्र तोफा आणि तिघी मार्गारेट. ब्राउनश्वाइगला आणखी एक आळशी होती, फाउले मेटे, १४११ ची. आळशी का, तर हलवायला जड आणि एकदा उडवली की परत भरेपर्यंत शत्रूचं जेवण होऊन जायचं. पहिल्या महायुद्धातली जाडी बेर्था तर तोफा बनवणाऱ्या क्रुप कंपनीच्या मालकिणीच्या नावावर. त्या बाईला काय वाटलं असेल देव जाणे. मॉस्कोची झार तोफ तेवढी पुरुषी नावाची, १५८६ ची, चाळीसेक टन, आणि तिनं आयुष्यात एकही लढाई बघितली नाही, नुसतीच मिशीला पीळ.

आता मँचेस्टर. मी राहतो तिथनं केमनिट्झ हे गाव लांब आहे पण कामाला जावं लागतं. त्याला सॅक्सनीचं मँचेस्टर म्हणत. पोलंडचं मँचेस्टर वूच, पूर्वेचं मँचेस्टर जपानचं ओसाका. पण ऐका, माझ्या ऑफिसात एक फिनलंडचा आहे, तांपेरे गावचा. कापसाच्या गिरण्यांमुळं त्या गावाला फिनलंडचं मँचेस्टर म्हणायला लागले, भाषणातच असणार. तर तिथल्या लोकांनी त्या मँचेस्टरचं तोडून "मान्से" केलं. आज तो माणूस घरी फोन करून "मान्सेला पाऊस आहे का" विचारतो, गिरण्या गेल्या, मान्से राहिलं. मलिकचं मुलूख झालं तसंच की हे. तोंडात घोळवलं की परक्याचं पण आपलं होतं.

कानडी_अप्पा

वा. मान्से. "मनसे" नाही हे दोनदा वाचून खात्री केली.

गडकोट_गणू

बायकांच्या तोफांवरनं आठवलं, बंगालमध्ये विष्णुपूरला दलमादल तोफ आहे. १७४२ ला भास्कररामाची फौज, म्हणजे नागपूरकर भोसल्यांची, तिकडं गेली. गावचा देव मदनमोहन. लोक सांगतात की राजानं सगळ्यांना देवापुढं बसवलं आणि देवानं स्वतः येऊन तोफ डागली, मराठे पळाले. आपण तिथं बर्गी, म्हणजे बारगीर. पोरं झोपेनात की तिकडच्या आया आपलं नाव सांगतात. हे पण एक टोपणनावच की, फक्त मिरवण्यासारखं नाही. गाईड मला विचारायलाय दादा कुठनं आलात, मी म्हणालो हैदराबाद.

शेंगाचटणी

😂😂 सोलापूरचं नाव राखलंस बे गण्या.

सीनाकाठचा

मंडळी, पाऊस झकास झालाय, बोरी भरून वाहायलीय असं कळलं. येत्या रविवारी नळदुर्ग करूया का? हैदराबाद रोडनं तासाभराचं काम. उपळी बुरुजावरच्या मगर तोफ आणि हत्ती तोफ बघू आणि नर-मादी बघू. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, किल्ला आणि त्याचा जोडकिल्ला रणमंडळ यांच्यामध्ये आदिलशाहीत बांधलेला दगडी बंधारा आहे, त्याच्या पोटात पाणीमहाल. बंधारा भरला की पाणी दोन सांडव्यांवरनं खाली पडतं, त्यांना नर धबधबा आणि मादी धबधबा म्हणतात. तुम्ही महालात कोरडे उभे आणि खिडकीसमोरनं नदी खाली जातीय. अप्पा, जोगचे चार सोडा, आपले दोघं बघा.

पंढरीची_लेक

मी आणि मिस्टर येतोय. धपाटे आणि शेंगाचटणी (खायची) माझ्याकडनं.

सीनाकाठचा

(आठवड्यानं)

वृत्तांत थोडक्यात टाकतो, फोटो रात्री.

सात जण गेलो. बंद_भोंगा काका पण आले. आणि आत्या आली, तिला कुणी बोलावलं नव्हतं, "बोरीला पाणी आलंय तर मी का घरात बसू" म्हणून पुढच्या सीटवर बसली. उपळी बुरुजाच्या पायऱ्या ती न थांबता चढली, गणू दोनदा थांबला. मगर तोफेच्या जबड्यात हात घालून म्हणाली, "दात आहेत की रे हिला."

दोन्ही धबधबे जोरात. पाणीमहालात उतरलो तर बोलणं ऐकूच येईना, भिंतीला हात लावला तर भिंत थरथरायलीय. वर आल्यावर आत्यानं कणसं भाजणाऱ्याला विचारलं, यातला नर कुठला? त्यानं एक दाखवला. शेजारचा चहावाला म्हणाला नाही नाही, नर तो पलीकडचा. दोघांचं तिथंच जुंपलं. आत्या पदर खोचून पाच मिनिटं दोन्हीकडं बघत राहिली. एकाचं पाणी आधी दगडावर फुटत, घरघरत यायचं, दुसऱ्याची धार बारीक आणि सरळ. मग काकांकडं वळली (काकांची पोस्ट मी तिला वाचून दाखवली होती) आणि म्हणाली, "हा तुमचा म्हातारा. आणि ती सून."

काका हसले, आणि मग बराच वेळ म्हाताऱ्याकडं बघत कठड्याला टेकून उभे राहिले. चहा गार झाला त्यांचा.

आणि शेंगाचटणी, बाळाचं नाव सिद्धाराम. हाक मारायला अद्वैत म्हणायचं ठरलंय, पण आत्या त्याला ठोंब्या म्हणते, त्यामुळं सगळेच ठोंब्या म्हणायलेत.